रकाना कुणाचा, पेन्सिल कुणाची?

जनगणना जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये एक काम ठरलेले असते. संध्याकाळी बुद्धविहारात बैठक होते, पोरे घरोघर जातात आणि आयाबायांना सांगतात, "धर्माच्या रकान्यात बौद्ध सांगा. पेनने लिहायला लावा, पेन्सिलीने लिहू देऊ नका. लिहिले की वाचून दाखवायला सांगा." हे काम आपल्या आजोबांनी केले, वडिलांनी केले, आता आम्ही करतो. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख ४२ हजार बौद्ध नोंदले गेले. त्यातले ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रातले. हा आकडा सरकारने प्रेमाने दिलेला नाही. दारात उभे राहून, प्रगणकाशी वाद घालून तो मिळवलेला आहे. १९९० साली कायदा बदलेपर्यंत तर बौद्ध लिहिले की केंद्राच्या सवलती जायच्या. तरीही लोकांनी बौद्ध लिहिले.

एवढ्या मोठ्या अनुभवाच्या चळवळीतले आपण, रकाना म्हणजे काय हे आपल्याला शिकवावे लागत नाही. रकाना नसला तर माणूस नसतो. रकाना दुसऱ्याने भरला तर माणूस दुसऱ्याचा होतो. म्हणूनच आज जो विषय मांडतो आहोत तो आपल्या लोकांना परका वाटू नये, अशी आमची अपेक्षा आहे. आरोग्य सर्वेक्षणात माणसाची लैंगिक ओळख विचारावी का, विचारली तर कशी, आणि त्यात जात कुठे येते, हा तो विषय.

काही दिवसांपूर्वी आमच्या अभ्यासिकेत हा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "पोरांनो, हे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले आहेत. आपल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर नाही, आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात?" काकांविषयी आम्हाला आदर आहे. नामांतराच्या आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. पण ते हे बोलत असताना मागच्या बाकावर स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडून बसलेला आमचा एक मित्र मान खाली घालून ऐकत होता. तो समलिंगी आहे. हे अभ्यासिकेत तिघांनाच माहीत आहे. त्याचे वडील सफाई कामगार. चोचले करायला त्याच्याकडे काही नाही.

रात्री गच्चीवर त्याने जे सांगितले त्यातून हा लेख निघाला. त्यांच्या घरी एकदा आरोग्य सर्वेक्षणाची मुलगी आली होती, हातात टॅबलेट घेऊन. "तिने सगळे विचारले. संडास घरात आहे की सार्वजनिक, फ्रिज आहे का, तंबाखू खातो का, जात कोणती, लग्न झाले का. लग्न नाही म्हटल्यावर पुढचे भराभर झाले. मला जे सांगायचे होते ते तिने विचारलेच नाही. आणि विचारले असते तरी काय सांगणार होतो? आई शेजारीच तांदूळ निवडत बसली होती." त्याच्या आदल्या वर्षी त्याला एक गुप्तरोग झाला होता. सरकारी दवाखान्यात गेला तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बायकोला पण झालाय का? बायको नाही म्हटल्यावर, मग कुठल्या बाईकडे गेला होतास? तो उठून निघून आला. पुढे चार महिने औषध नाही. ही कथा एकट्याची असेल तर सोडून द्या. पण एकट्याची आहे की हजारोंची, हे सांगणारा एकही आकडा या देशात नाही. आमचे भांडण तिथून सुरू होते.

आता काकांच्या वाक्याकडे वळू. हे वाक्य काकांचे नाही, ते दिल्लीचे आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की ही मागणी शहरी उच्चभ्रूंच्या विचारातून आली आहे. त्यावर सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी भर न्यायालयात बोलून दाखवले की असे दाखवणारी कुठलीही आकडेवारी सरकारकडे नाही. ती असणार कुठून? मोजलेच नाही! आधी मोजायचे नाही आणि मग म्हणायचे की तुम्ही मूठभर आहात, ही चलाखी आपल्याला ओळखीची वाटत नाही का? १९३१ नंतर ओबीसींची जात मोजली नाही. २०११ ला सामाजिक-आर्थिक पाहणीत जात मोजली, तर तो आकडा बाहेर येऊ दिला नाही. आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतले ओबीसी आरक्षण अडवले तेव्हा कारण काय दिले? इम्पिरिकल डेटा नाही. गावातल्या चहाच्या टपरीवरच्या माणसाला सुद्धा हे दोन इंग्रजी शब्द त्या वर्षी पाठ झाले.

समलिंगी माणसांच्या बाबतीत तर संख्येचा खेळ दोन्ही बाजूंनी खेळला गेला. २०१२ मध्ये आरोग्य खात्याने सर्वोच्च न्यायालयात अंदाज दिला की देशात सुमारे २५ लाख समलिंगी पुरुष आहेत आणि त्यातल्या सुमारे ७ टक्क्यांना एचआयव्हीची लागण आहे. पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर २०१३ ला, त्याच न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवताना म्हटले की हे लोक लोकसंख्येतला अगदी क्षुल्लक हिस्सा आहेत. २५ लाख माणसे क्षुल्लक! ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ही चूक दुरुस्त केली. हक्क डोकी मोजून मिळत नाहीत, हे तिथे स्पष्ट झाले. ते बरोबरच आहे. पण दवाखान्यातली खाट, समुपदेशक, औषधाचा साठा, डॉक्टरांचे प्रशिक्षण हे डोकी मोजूनच मिळते. हक्क एकाचाही असतो. बजेटमधला पैसा मात्र आकड्याच्या मागे जातो.

मग सरकारने आजवर काय मोजले ते बघू.

२०११ च्या जनगणनेत लिंगाच्या प्रश्नाला पहिल्यांदा तिसरा पर्याय दिला. पुरुष १, स्त्री २, इतर ३. या 'इतर' मध्ये देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसे नोंदली गेली, महाराष्ट्रात ४० हजार ८९१. त्यात अनुसूचित जातीचे ७८ हजार ८११ आणि अनुसूचित जमातीचे ३३ हजार २९३. हिशेब करा. सुमारे १६ टक्के आपले आणि ७ टक्के आदिवासी. देशाच्या लोकसंख्येत आपला जो वाटा आहे, जवळपास तोच. हा विषय आपल्या वस्तीत नाही म्हणणाऱ्यांनी हे ७८ हजार ८११ लोक कुठे ठेवायचे ते सांगावे. त्यांची साक्षरता नोंदली गेली ५६ टक्के, तेव्हाची देशाची ७४ टक्के.

पण हा आकडा आम्ही डोक्यावर घेऊन नाचणार नाही. कारण त्याच ४ लाख ८७ हजारांत ५४ हजार ८५४ ही ० ते ६ वयाची बाळे आहेत. पाळण्यातल्या बाळाने प्रगणकाला आपली ओळख कशी सांगितली? कुठे जन्मतः शरीररचना वेगळी असेल, कुठे प्रगणकाने चुकून ३ लिहिला असेल. एकाच रकान्यात सगळे कोंबले. आणि मोठ्यांच्या बाबतीत सुद्धा उत्तर दिले कुणी? कुटुंबप्रमुखाने. ज्या बापाने पोराला साडी नेसली म्हणून घराबाहेर काढले, तो बाप प्रगणकाला सांगणार की आमच्या घरी 'इतर' एक? आपल्या धर्माचा रकाना पेन्सिलीने लिहिणारा प्रगणक परका होता. इथे पेन्सिल घरातल्याच माणसाच्या हातात आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे देशातले सगळ्यात मोठे आरोग्य सर्वेक्षण. ते करणारी लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत देवनारला आहे, गोवंडीच्या वस्त्यांपासून हाकेच्या अंतरावर. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजार ६९९ घरे, ७ लाख २४ हजार ११५ स्त्रिया आणि १ लाख १ हजार ८३९ पुरुष यांना प्रश्न विचारले. घरातल्या माणसांच्या यादीत ट्रान्सजेंडर हा पर्याय होता. पण यादी सांगणारा पुन्हा घरातला एकच माणूस. पुढे वैयक्तिक प्रश्नावल्या दोनच, एक बाईची, एक पुरुषाची. समलिंगी, उभयलिंगी अशी ओळख विचारणारा प्रश्न कुठेच नाही. जी गोष्ट आमच्या मित्राला सांगायची होती तिला जागाच नव्हती.

हे सर्वेक्षण आम्हाला निरुपयोगी वाटते असे कुणी समजू नये. उलट त्याची किंमत आपल्याइतकी कुणाला कळत नसेल. सर्वेक्षणांत जात विचारतात म्हणूनच, अशा आकड्यांवरून केलेला अभ्यास २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या अहवालात आला आणि जगाला कळले की दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि सवर्ण स्त्रीचे ५४.१. साडेचौदा वर्षे! आपल्या आज्या लवकर गेल्या हे आपल्याला माहीत होतेच, पण संसदेत आजीची आठवण चालत नाही, आकडा चालतो. आणि हे प्रश्न पहिल्यापासून होते असेही नाही. ओबीसी हा पर्याय १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत आला. नवऱ्याच्या मारहाणीचे सविस्तर प्रश्न २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत आले. म्हणजे प्रश्न वाढवता येतात. आणि काढताही येतात. सहाव्या फेरीतून अपंगत्वाचे प्रश्न आणि ॲनिमियाची तपासणी काढून टाकली. अपंगांच्या संघटनांनी ओरड केली, ऐकले कुणी? प्रश्नावलीत काय राहते आणि काय जाते हा राजकीय निर्णय असतो, तो तज्ज्ञांच्या कोटामागे लपवला जातो एवढेच.

मग समलिंगी पुरुषांबद्दल सरकारकडे काहीच आकडे नाहीत का? आहेत. एका खात्याकडे आहेत, एड्सच्या. २०१४-१५ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत एचआयव्हीचे प्रमाण ४.३ टक्के आणि हिजडा-ट्रान्सजेंडर समूहात ७.५ टक्के निघाले. देशातल्या सर्वसाधारण प्रौढांत ते पाव टक्क्याच्या आसपास होते. हे आकडे महत्त्वाचे आहेत, त्यावर कंडोम आणि औषधे आली, जीव वाचले. पण ते गोळा कुठे होतात? हॉटस्पॉटवर. बागेत, स्टेशनाजवळ, हायवेच्या ढाब्यावर. ज्याच्याकडे स्वतःचा फ्लॅट आहे तो बागेत कशाला येईल? बागेत येतो तो ज्याच्या एका खोलीत सात माणसे झोपतात. म्हणजे या देशात दोन चित्रे तयार झाली. गरीब, खालच्या जातीचा समलिंगी म्हणजे विषाणू वाहणारे शरीर, त्याचे फक्त रक्त मोजायचे. आणि प्राइडच्या मोर्चात, जाहिरातीत, सिनेमात दिसतो तो इंग्रजी बोलणारा, आडनाव सांगायला न घाबरणारा, त्याचे प्रेम मोजायचे, त्याचे दुःख मोजायचे. काकांना जे 'श्रीमंतांचे चोचले' दिसते ते या दुसऱ्या चित्रामुळे. चित्र काढणाऱ्यावर रागवा, त्या चित्रात जागाच न मिळालेल्या आपल्या पोरावर नको.

आता सवर्ण पुढाऱ्यांच्या संघटनांशी थोडे बोलू, कारण तेही सरकारकडे आकडे मागतात. मागायलाच हवेत. पण त्यांच्या स्वतःच्या पाहण्या कशा असतात? इंग्रजीत गुगल फॉर्म, ओळखीच्यांच्या ग्रुपवर फिरवलेला. वय, शहर, ओळख, सर्वनाम. जात विचारली तर म्हणतात वातावरण बिघडते. ज्यांनी भरला त्यांच्यात आमचा मित्र नसतो, आणि निष्कर्षाला मात्र नाव देतात 'भारतीय समलिंगी समाज'. नैराश्य एवढे टक्के, दवाखान्यात भेदभाव एवढे टक्के. अहो, दवाखान्यात त्याला बाहेर बसवले ते चालण्यावरून, की आडनावावरून, की दोन्हीवरून, हे जात विचारल्याशिवाय कसे कळणार? ट्रान्सजेंडरांसाठी आडव्या आरक्षणाची मागणी ग्रेस बानूंसारख्या दलित ट्रान्स कार्यकर्त्यांनी लावून धरली ती याच कारणासाठी. कर्नाटकाने २०२१ मध्ये नोकऱ्यांत प्रत्येक प्रवर्गात १ टक्का दिला, तो हाच विचार आहे. उभी जात आणि आडवी ओळख जिथे छेदतात तिथे माणूस उभा असतो. त्या चौकात उभे राहून मोजा, गल्लीच्या एका तोंडाशी उभे राहून मोजू नका.

आता मूळ प्रश्न. विचारायचे काय? इथे आपले लोकही घाई करतात. एक रकाना घाला, 'समलिंगी: हो / नाही', झाले काम! असे होत नाही.

माणसाला ओढ कुणाची वाटते, त्याने प्रत्यक्ष संबंध कुणाशी ठेवले आणि तो स्वतःला काय म्हणवतो या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या ओळखीत ट्रकवरचा क्लीनर आहे. पुरुषांशी संबंध ठेवतो, गावी बायको-पोरे आहेत. स्वतःला काही म्हणवत नाही. त्याला विचारा तू गे आहेस का, तो शिवी देईल. दुसरा एक जण, ज्याने आयुष्यात कुणाला हातही लावलेला नाही, पण आतून त्याला माहीत आहे. तिसरा उघडपणे स्वतःला कोती म्हणवतो आणि आपल्या जोडीदाराला पंथी म्हणतो. कोती, पंथी, डबल डेकर हे शब्द कुठल्या विद्यापीठातून आलेले नाहीत, ते बागेतून आणि स्टेशनातून आलेले आहेत. आणि यल्लम्माला सोडलेला जोगता? परडी डोक्यावर घेऊन सौंदत्तीला जाणाऱ्या जोगत्यांत आपल्या जातींचे किती आहेत हे ज्याला त्याला माहीत आहे. त्याला पुरुष म्हणाल, ट्रान्सजेंडर म्हणाल, समलिंगी म्हणाल? तो म्हणेल मी आईचा जोगता. त्याचा गुडघा दुखतो, त्याला टीबी आहे, त्याला केसपेपर काढायचा आहे, आणि खिडकीवरचा माणूस विचारतो 'मेल की फिमेल'.

म्हणून ज्या आजाराचा अभ्यास करायचा आहे त्याप्रमाणे प्रश्न ठरायला हवा. गुप्तरोग आणि एचआयव्हीसाठी वागणे विचारा, ओळख विचारून क्लीनर सापडणार नाही. नैराश्य, आत्महत्येचे विचार, घरचा मार यासाठी ओढ आणि ओळख विचारा, कारण काहीही न केलेल्या पोराला सुद्धा बाप मारतोच. दवाखान्यातल्या वागणुकीसाठी हेही विचारा की लोक तुम्हाला बघून काय समजतात. आणि लिंगाची ओळख ही पुन्हा वेगळी बाब, ती दोन पायऱ्यांत विचारा, जन्माच्या वेळी काय नोंदले आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता. ट्रान्स बाईला समलिंगी पुरुषाच्या रकान्यात टाकण्याचा जुना खोडसाळपणा यातूनच थांबेल.

भाषेचे तर विचारूच नका. 'बायसेक्शुअल'ला आपल्याकडे उभयलिंगी म्हणतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात उभयलिंगी काय असते? गांडूळ! दहावी झालेल्या माणसाला घरी येऊन विचारा, आपण उभयलिंगी आहात काय, तो काय उत्तर देईल? तृतीयपंथी हा शब्द तर गावाकडे सगळ्यांनाच लावतात. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, इंग्लंडसारख्या देशाची यात फजिती झाली आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत १६ वर्षांवरच्या माणसांना लैंगिक कल पहिल्यांदा विचारला. उत्तर देणे ऐच्छिक ठेवले. ३.२ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे १५ लाखांनी, समलिंगी, उभयलिंगी किंवा इतर असे सांगितले, ७.५ टक्क्यांनी उत्तर दिले नाही. इथवर ठीक. पण लिंगओळखीचा जो दुसरा प्रश्न होता तो इतक्या वळणाच्या इंग्रजीत होता की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांनी उलटेच उत्तर दिले असावे असे दिसू लागले. स्थलांतरितांची वस्ती असलेल्या न्यूहॅम आणि ब्रेंटसारख्या भागांत ट्रान्स लोकांचे प्रमाण अचानक जास्त निघाले. शेवटी २०२४ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने स्वतःच त्या आकड्यांचा 'मान्यताप्राप्त अधिकृत आकडेवारी' हा दर्जा काढून घ्यायला लावला. साहेबाच्या भाषेतला प्रश्न साहेबाच्या देशातल्या गरिबालाच कळला नाही. मग तो जसाच्या तसा भाषांतर करून मेळघाटात आणि मराठवाड्यात नेलात तर काय होईल?

आमचे म्हणणे असे की साध्या मराठीत विचारा. तुम्हाला कुणाबद्दल ओढ वाटते: पुरुषांबद्दल, बायकांबद्दल, दोघांबद्दल, कुणाबद्दलच नाही, सांगायचे नाही. आणि ओळखीच्या प्रश्नात कोती, जोगता, हिजडा, गे, लेस्बियन हे सगळे शब्द ठेवून शेवटी एक मोकळी ओळ ठेवा. ती ओळ माणसाला स्वतःला भरू द्या. प्रश्न तयार करताना त्या माणसांना खोलीत बोलवा, नुसते प्राध्यापक बोलवू नका.

इथे आमच्यातलीच काही मंडळी वेगळी शंका काढतात आणि ती शंका खरी आहे. यादी झाली की पोलीस येतात. हे आपल्याला कुणी सांगायला नको. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा म्हटले की आपल्याला पारधी, कैकाडी, भामटे आठवतात, पोलीस पाटलाकडची हजेरी आठवते. पण त्या कायद्याचा दुसरा भाग फारसे कुणी वाचत नाही. तो हिजड्यांविषयी होता. उत्तर हिंदुस्थानात त्यांची नावे आणि राहती ठिकाणे यांचे रजिस्टर ठेवायचे, बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसले तर अटक, नाचले तर अटक. एकाच कायद्यात एका भागात गुन्हेगार ठरवलेल्या जमाती आणि दुसऱ्या भागात हिजडे! ३१ ऑगस्टला आपण विमुक्त दिन पाळतो तेव्हा या दुसऱ्या भागाचीही आठवण काढावी अशी आमची सूचना आहे. आणि २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याने ओळखीसाठी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायला लावला, तेव्हा जातपडताळणीच्या खिडकीवर चपला झिजवलेल्या माणसाला त्यात काय दुःख आहे ते सांगावे लागत नाही.

म्हणून आमची भूमिका अशी की जनगणनेत, दारात, कुटुंबप्रमुखासमोर लैंगिक कल विचारूच नये. तिथे नाव असते, पत्ता असतो, शेजारी असतो. नमुना सर्वेक्षणात विचारा, नाव आणि आधार क्रमांक न जोडता. आणि खासगीत विचारा. खासगीत विचारता येत नाही हे खोटे आहे. घरगुती हिंसाचाराचे प्रश्न याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका घरात एकाच बाईला, एकांत मिळाला तरच विचारतात, नाही मिळाला तर तो भाग सोडून देतात. नवऱ्याच्या मारहाणीला जी शिस्त लावता येते ती इथे का लावता येणार नाही? २००६-०७ च्या तरुणांच्या मोठ्या पाहणीत, ज्यात महाराष्ट्रही होता, लग्नाआधीच्या संबंधाचे उत्तर कार्डावर खूण करून बंद पाकिटात घेतले होते. ज्याला वाचता येत नाही त्याला कानाला हेडफोन लावून प्रश्न ऐकवता येतो, तो बटण दाबतो, मुलाखत घेणाऱ्यालाही उत्तर कळत नाही.

आम्हाला सगळ्यात आवडलेली पद्धत कर्नाटकात एचआयव्हीच्या कार्यक्रमात वापरलेली, पोलिंग बूथ सर्व्हे. दहा-बारा जणांना एकत्र बसवायचे, प्रत्येकासमोर पुठ्ठ्याचा आडोसा. प्रश्न मोठ्याने वाचायचा. ज्याने त्याने चिठ्ठी हो किंवा नाहीच्या पेटीत टाकायची. गटात हो किती हे कळते, कुणाचे हो ते कुणालाच कळत नाही. गुप्त मतदान! एक माणूस एक मत हे मूल्य ज्यांना बाबासाहेबांनी दिले त्यांना ही पद्धत समजावून सांगायला दोन मिनिटे पुरतात. त्यात अडचण एकच आहे, एका माणसाची उत्तरे एकमेकांना जोडता येत नाहीत, म्हणून जात आणि नैराश्य आणि ओढ असा छेद घेता येत नाही. तो हवा असेल तर हेडफोनवाली पद्धतच लागेल. पण नमुना लहान पडेल ही सबब कुणी देऊ नये. ७ लाख २४ हजार बायकांतल्या १ टक्का धरल्या तरी ७ हजार होतात, आणि त्यांत आपल्या हजारावर असतील.

आता पुन्हा काकांकडे. बाबासाहेबांना हे पटले असते का, असे त्यांनी विचारले होते. आम्ही बाबासाहेबांच्या तोंडी शब्द घालणार नाही, घडलेले सांगतो. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारायचे आणि कर्व्यांनी त्यांना सरळ उत्तर द्यायचे, यावरून तो खटला. कर्व्यांच्या बाजूने मुंबईच्या हायकोर्टात उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण तेव्हा गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेलेले, डोक्यावर अख्ख्या समाजाचे ओझे, तरी त्यांना हा विषय चोचले वाटला नाही. माणसाने आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारावा आणि त्याला शास्त्रीय उत्तर मिळावे, एवढ्यासाठी ते उभे राहिले. चार वर्षांनी, १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये, मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाने आणला, तेव्हाही लोक हसलेच असतील. आणि अलीकडचे सांगायचे तर २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले, ते चोचले म्हणून दिले होते काय?

काका यावर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तो दवाखान्यात परत गेला का?" कुणाबद्दल बोलतोय हे आम्ही सांगितले नव्हते, त्यांनी ओळखले होते. आम्ही म्हटले, गेला, दुसऱ्या दवाखान्यात, आमच्यातला एक जण सोबत गेला होता.

मागण्यांचे निवेदन तयार आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीत ओढ, वागणे आणि ओळख यांचे वेगळे प्रश्न, एकांताच्या अटीवर, ऐच्छिक. प्रत्येक आकडा जातनिहाय जाहीर करावा. मराठीतली प्रश्नावली आधी जोगते, कोती, हिजडा आणि बहुजन लेस्बियन मुलींसमोर वाचून दाखवावी. नाव-पत्ता-आधार कुठेही नको. ज्या तालुक्यांत आपल्या शाखा आहेत तिथल्या पोरापोरींनी निवेदनावर सह्या गोळा कराव्यात, आम्ही ते देवनारला नेऊन देणार आहोत. सही करणाऱ्याने स्वतःची ओळख सांगायची गरज नाही. काकांची सही पहिली आहे. पेनने केलेली.